बाप्तिस्म्याआधीच वडील गेले: एका लेकीच्या प्रश्नांना उत्तर

प्रिय ताई,

तुमच्या पत्रातला मजकूर इतर वाचकांसाठी आधी थोडक्यात सांगतो. तुमचे वडील आयुष्यभर विश्वासापासून दूर राहिले, आईच्या प्रार्थनेची थट्टाही करत. शेवटच्या आजारपणात मात्र त्यांनी येशूला प्रभू म्हणून कबूल केले आणि स्वतःहून बाप्तिस्मा मागितला. पाळकांनी दोन दिवसांनी यायचे ठरले, आणि आदल्या रात्रीच वडील गेले. दुःखाच्या घरात कुणीतरी मार्क १६:१६ वाचून दाखवले. आणखी कुणी पवित्र आत्म्याच्या निंदेचा विषय काढला. तेव्हापासून तुम्हाला झोप नाही. तुमचा स्वतःचा बाप्तिस्मा तान्हेपणी, कपाळावर पाणी शिंपडून झाला. लग्नानंतर तुम्ही ज्या मंडळीत जाता तिथे तो धरत नाहीत, पुन्हा घ्या म्हणतात. तुम्ही विचारता, १ करिंथकरांस १५:२९ मध्ये मेलेल्यांसाठी बाप्तिस्मा घेण्याचा उल्लेख आहे, तर मी पाण्यात उतरेनच, तेव्हा वडिलांसाठीही उतरू का? शेवटी दगडावर कोरायच्या ओळीबद्दल एक प्रश्न आहे. त्याकडे शेवटीच येतो.

उत्तर आधी देतो, कारणे मागून. बाप्तिस्मा राहून गेला एवढ्या कारणाने तुमचे वडील नाश पावले असे पवित्र शास्त्र कुठेही म्हणत नाही. त्यांच्या वतीने तुम्ही बाप्तिस्मा घेऊ शकत नाही, आणि त्यांना त्याची गरजही नाही. तुमच्या स्वतःच्या बाप्तिस्म्याबद्दल मात्र शांतपणे बसून विचार करायला हवा, आणि तो या दुःखाच्या दिवसांत नको.

बायबल शिकवायला लागून मला ३० वर्षांहून अधिक काळ झाला. बाप्तिस्म्याबद्दलचे जवळजवळ सगळे अवघड प्रश्न एकाच ठिकाणाहून निघतात असे माझे मत बनले आहे, म्हणून ते आधी मांडतो.

नव्या करारात विश्वास आणि बाप्तिस्मा यांच्यामध्ये किती वेळ जातो ते बघा. पन्नासाव्या दिवशी, म्हणजे पेंटेकॉस्टच्या सणाला, पेत्राचा उपदेश झाला आणि त्याच दिवशी सुमारे ३,००० लोकांचा बाप्तिस्मा झाला. कूशी देशचा षंढ रथात बसून फिलिप्पाकडून यशया समजून घेत होता. वाटेत पाणी दिसले, त्याने रथ थांबवला आणि दोघे पाण्यात उतरले. फिलिप्पैच्या तुरुंगात मध्यरात्री भूकंप झाला. अधिकाऱ्याने रात्रीच्या त्याच घटकेस पौल आणि सीला यांच्या जखमा धुतल्या आणि लगेच घरच्यांसह बाप्तिस्मा घेतला. जेवण त्यानंतर वाढले गेले. दिमिष्कात पौल तीन दिवस अन्नपाण्यावाचून आंधळा बसला होता. हनन्या नावाचा शिष्य आला, दृष्टी आली, पौल उठला, बाप्तिस्मा झाला, आणि मग कुठे त्याने अन्न घेतले. तीन दिवसांच्या उपाशी माणसाने आधी काय केले ते लूकने आवर्जून नोंदवले आहे.

थोडक्यात, त्या काळी मध्ये अंतरच नव्हते. पश्चात्ताप, विश्वास, प्रभूच्या नावाचा धावा, पाण्यात उतरणे हे सगळे मिळून एकच घटना होती. म्हणून लिहिणारे त्यातल्या कुठल्याही एका भागाचे नाव घेऊन संपूर्ण घटनेबद्दल बोलत. आपण नाही का, एकाच गोष्टीला कधी ‘लग्न लागले’ म्हणतो, कधी ‘हात धरला’, कधी ‘संसार सुरू झाला’? त्या तीन वेगळ्या घटना होत्या का, आणि त्या तिन्हींपैकी नेमक्या कोणत्या क्षणी ती बायको झाली, असे कुणी विचारत नाही.

अंतर पडले ते पुढे. तिसऱ्या शतकातल्या मंडळीच्या नियमांचे एक जुने पुस्तक सांगते की नव्याने येणाऱ्याने तीन वर्षे वचन ऐकावे आणि मग बाप्तिस्मा घ्यावा. कारणे समजण्यासारखी होती. छळाचा काळ होता, मूर्तिपूजेतून येणाऱ्या माणसाला नीट शिकवणे भाग होते. चौथ्या शतकात वेगळेच टोक आले. बाप्तिस्म्यानंतरच्या पापाचे काय होणार, या धास्तीने लोक तो मरणाच्या दारापर्यंत लांबवू लागले. सम्राट कॉन्स्टंटाइनने ३३७ मध्ये बाप्तिस्मा घेतला तो मृत्युशय्येवर. दुसरीकडे तान्ह्या बाळांचा बाप्तिस्मा रूढ होत गेला आणि तिथे अंतर उलट्या बाजूने पडले, म्हणजे पाणी आधी आणि समजून धरलेला विश्वास वर्षांनी.

आता अडचण बघा. अंतर नसलेल्या काळात लिहिलेली वचने आपण अंतर असलेल्या काळात वाचतो. आपल्याकडे विश्वास एका तारखेला आणि बाप्तिस्मा दुसऱ्या तारखेला असतो, म्हणून आपण विचारतो, तारण यातल्या कोणत्या तारखेला झाले? पेत्राला हा प्रश्नच पडला नसता. तुमच्या वडिलांच्या बाबतीत अंतर दोन दिवसांचे होते, आणि तेही त्यांनी ठेवलेले नव्हते.

मार्क १६:१६ कडे येतो. आशय असा आहे की जो विश्वास धरतो आणि बाप्तिस्मा घेतो त्याचे तारण होईल, जो विश्वास धरत नाही तो दंडास पात्र ठरेल. दुसरा अर्धा भाग सावकाश वाचा. तिथे ‘जो बाप्तिस्मा घेत नाही’ असे शब्द नाहीत. दंड अविश्वासाला सांगितला आहे. पहिल्या भागात दोन्ही गोष्टी जोडीने येतात, कारण तेव्हा त्या जोडीनेच घडत. दुसऱ्या भागात निर्णायक गोष्ट एकच उरते. हे वचन तुमच्या घरात ज्यांनी वाचले त्यांनी पहिला भाग मोठ्याने वाचला आणि दुसऱ्या भागात नसलेला शब्द मनातून भरला. त्यांचा हेतू वाईट होता असे मी म्हणणार नाही. पण शोकाच्या घरात वचन वाचताना एकेक शब्द तोलून वाचायला हवा.

आणखी एक गोष्ट तुम्हाला माहीत असावी. मार्कच्या १६व्या अध्यायातील ९ ते २० ही वचने चौथ्या शतकातल्या दोन सर्वांत महत्त्वाच्या हस्तलिखितांत, सिनायटिकस आणि व्हॅटिकानस यांच्यात, नाहीत. तिथे मार्क आठव्या वचनाशीच थांबतो. याचा अर्थ हा भाग कुणीतरी मागाहून लबाडीने घुसवला असा नाही. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस इरेनियस या बिशपला तो मार्कचा म्हणून ठाऊक होता, म्हणजे भाग जुनाच आहे. पण ज्याच्या पाठावर अभ्यासकांत एवढी चर्चा आहे, अशा एका वचनाच्या आधारे मेलेल्या माणसाचा निवाडा करायला मी धजणार नाही. माझ्या उत्तराचा भार मात्र मी या हस्तलिखितांवर टाकत नाही. वचन जसे छापले आहे तसे घेतले तरी ते तुमच्या वडिलांविरुद्ध जात नाही.

प्रेषितांची कृत्ये २:३८ अधिक कठीण आहे. पेत्र म्हणतो, पश्चात्ताप करा आणि पापांच्या क्षमेसाठी बाप्तिस्मा घ्या. काही शिक्षक इथल्या ‘एइस’ या ग्रीक शब्दाचा अर्थ ‘झालेल्या क्षमेमुळे’ असा लावतात. मत्तय १२:४१ मध्ये निनवेच्या लोकांनी योनाच्या उपदेशावरून पश्चात्ताप केला, तिथे हाच शब्द आहे, असा त्यांचा आधार. मीही कधीकाळी हेच शिकवत असे. आता शिकवत नाही. कारण ‘पापांच्या क्षमेसाठी’ ही जशीच्या तशी शब्दरचना मत्तय २६:२८ मध्ये प्रभूच्या रक्ताबद्दल येते, आणि तिथे अर्थ ‘क्षमा व्हावी म्हणून’ असाच होतो. एका ठिकाणी सोयीचा अर्थ आणि दुसऱ्या ठिकाणी सरळ अर्थ, असे करता येत नाही.

मग पेत्र बाप्तिस्म्याने क्षमा मिळते म्हणतो का? त्याच पुस्तकात पुढे वाचत जा. ३:१९ मध्ये तोच पेत्र पाप पुसले जावे म्हणून पश्चात्ताप करा आणि वळा एवढेच सांगतो, पाण्याचे नाव नाही. १०:४३ मध्ये म्हणतो, जो कोणी त्याच्यावर विश्वास ठेवतो त्याला त्याच्या नावाने पापांची क्षमा मिळते. इथे ना पश्चात्तापाचा शब्द ना बाप्तिस्म्याचा. पेत्राने तीन वेगवेगळी सुवार्ता सांगितली का? नाही. तीनही वेळा तो एकाच वळण्याबद्दल बोलतो आहे, कधी या टोकाने धरून, कधी त्या.

आणि नेमका १०व्या अध्यायात क्रम मोडतो. कर्नेल्य या रोमी अधिकाऱ्याच्या घरी पेत्राचा उपदेश संपायच्या आत पवित्र आत्मा ऐकणाऱ्यांवर उतरला. पाण्याला अजून कुणी हात लावला नव्हता. पुढे यरुशलेमेतल्या सभेत पेत्र याच प्रसंगाबद्दल सांगतो की देवाने विश्वासाने त्यांची अंतःकरणे शुद्ध केली (१५:९). मला हा भाग वधस्तंभावरच्या चोरापेक्षा भक्कम वाटतो. चोराचे उदाहरण तुम्हाला सगळेच देतील, आणि ते खरेही आहे, कारण बाप्तिस्म्याविना त्याला सुखलोकाचे अभिवचन मिळाले. पण त्यावर कुणी म्हणू शकतो की बाप्तिस्म्याची आज्ञा प्रभूने पुनरुत्थानानंतर दिली, चोर त्याआधीचा. हा आक्षेप पोकळ नाही. कर्नेल्याला तो लागू होत नाही.

याची दुसरी बाजूही सांगायलाच हवी. आत्मा उतरलेला पाहून पेत्राने ‘आता बाप्तिस्म्याची काय गरज’ असे म्हटले नाही. पाणी कोण अडवू शकेल, असे विचारून त्याने लगेच बाप्तिस्मा करायला लावला. म्हणून बाप्तिस्मा म्हणजे नुसता उपचार, घेतला काय न घेतला काय, असे कुणी तुमच्या दुःखाचा आधार घेऊन सांगू लागला तर तेही मान्य करू नका. तुमच्या वडिलांनी तो मागितला होता. त्यांना त्याची किंमत कळली होती.

१ पेत्र ३:२१ तुम्ही पत्रात लाल शाईने लिहिले आहे, कारण तिथे बाप्तिस्मा तारतो असे चक्क म्हटले आहे. पण पेत्र वाक्य तिथे सोडत नाही. तो लगेच सांगतो की देहाचा मळ जाणे हा त्याचा अर्थ नव्हे. तिथला ‘एपेरोतेमा’ हा ग्रीक शब्द भाषांतरकारांना छळणारा आहे. देवाजवळ केलेली मागणी, किंवा विचारलेल्या प्रश्नाला दिलेले वचन, असे दोन्ही अर्थ त्यात बसतात. शुद्ध मनाने देवाजवळ केलेली मागणी म्हणा, की देवाला दिलेले वचन म्हणा, ते तारते कशाने, तर येशू ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाने. उदाहरणही पाहा. नोहाच्या वेळी आठ जण पाण्यातून वाचले, पण त्याच पाण्यात बाकीचे जग बुडाले. वाचवले ते तारवाने. आता मला सांगा, मागणी तुमच्या वडिलांनी केली होती की नाही?

योहान ३:५, पाण्यापासून आणि आत्म्यापासून जन्म. कुणी म्हणते पाणी म्हणजे आईच्या उदरातले, कुणी म्हणते बाप्तिस्मा. मी १०व्या वचनावरून निर्णय करतो. तू इस्राएलाचा गुरू असून तुला हे समजत नाही काय, असे प्रभू रात्री भेटायला आलेल्या निकदेमाला विचारतो. म्हणजे जुना करार जाणणाऱ्याला ते समजायला हवे होते. यहेज्केल ३६:२५-२७ उघडा. देव शुद्ध पाणी शिंपडून लोकांना निर्मळ करील, नवे हृदय देईल, आपला आत्मा त्यांच्या ठायी घालील. पाणी आणि आत्मा तिथे शेजारी शेजारी आहेत आणि दोन्ही देणारा देव आहे. मंडळीने पुढे हे वचन बाप्तिस्म्याशी जोडले त्यात नवल नाही, पण निकदेमाला त्या रात्री जे सांगितले गेले ते देवाच्या कामाबद्दल होते.

आता एक जुनी गोष्ट, कारण ती जवळजवळ तुमचीच आहे. ३९२ मध्ये रोमचा तरुण सम्राट दुसरा व्हॅलेंटिनियन गॉलमधल्या व्हिएन शहरात मृतावस्थेत सापडला. वय अवघे २१. त्याने मिलानचे बिशप अँब्रोस यांना बाप्तिस्म्यासाठी बोलावणे पाठवले होते, ते पोहोचण्याआधीच तो गेला. त्याच्या बहिणी याच दुःखाने खचल्या होत्या की भाऊ बाप्तिस्म्यावाचून गेला. अंत्यविधीच्या भाषणात अँब्रोस थेट त्यांच्याशी बोलले. आशय असा की इच्छा करणे आणि मागणे याखेरीज माणसाच्या हातात दुसरे काय असते, आणि ज्याने मागितले त्याला ते मिळाले. ध्यानात घ्या, बाप्तिस्म्याला अत्यंत महत्त्व देणारा हा बिशप होता, पाच वर्षांपूर्वीच त्याच्या हातून ऑगस्टिनचा बाप्तिस्मा झाला होता. पुढे ऑगस्टिननेही लिहिले की तुच्छतेमुळे नव्हे तर अडचणीमुळे बाप्तिस्मा राहिला, तर विश्वास आणि हृदयाचे वळणे ती उणीव भरून काढतात. आणि वर सांगितलेले तीन वर्षांच्या शिक्षणाचे ते कडक पुस्तक? शिकत असतानाच प्रभूच्या नावासाठी कुणी मारला गेला तर त्याचा बाप्तिस्मा त्याच्या रक्तात झाला, असे तेही म्हणते. ज्या मंडळीने अंतर निर्माण केले तिनेच त्या अंतरात मरण पावलेल्यांना बाहेर ठेवले नाही.

वडिलांच्या थट्टेबद्दल. पवित्र आत्म्याची निंदा क्षमा होणार नाही हे वचन (मत्तय १२:३१-३२, मार्क ३:२८-३०) मी अनेक हळव्या माणसांना छळताना पाहिले आहे, आणि ज्यांना ते सांगितले होते ते लोक अगदी वेगळे होते. परूशी आणि शास्त्री डोळ्यांदेखत भूतग्रस्त बरा होताना पाहत होते आणि हे बालजबूलाचे, म्हणजे भुतांच्या सरदाराचे, काम आहे म्हणत होते. त्याला अशुद्ध आत्मा लागला आहे असे ते म्हणत होते म्हणून प्रभू असे बोलला, हे कारण मार्कने स्वतःच दिले आहे. प्रकाश ओळखून त्याला अंधार म्हणणे आणि त्यावर ठाम राहणे ते हेच. अज्ञानातली थट्टा ही दुसरी गोष्ट. पौल स्वतःला पूर्वीचा निंदक म्हणतो आणि अज्ञानामुळे अविश्वासाने वागलो म्हणून दया झाली असे सांगतो (१ तीमथ्य १:१३). शिवाय हे पाप केलेला माणूस शेवटच्या दिवसांत येशूला प्रभू म्हणून हाक मारत नाही. ती हाक पवित्र आत्म्यावाचून मारताच येत नाही, असे १ करिंथकरांस १२:३ सांगते.

आता १ करिंथकरांस १५:२९. नव्या करारातल्या सर्वांत अवघड वचनांपैकी हे एक आहे आणि त्याचे कितीतरी अर्थ सुचवले गेले आहेत. ते सगळे इथे देत नाही. अध्यायाचा ओघ मात्र पाहू. करिंथमध्ये काही जण म्हणत होते की मेलेले उठत नाहीत. पौल त्यांना एकामागून एक प्रश्न विचारतो. मेलेले उठतच नाहीत तर जे मेलेल्यांसाठी बाप्तिस्मा घेतात ते काय करतील? पुढच्याच वचनात तो विचारतो, आम्हीही घडोघडी संकटात का पडतो? २९ मध्ये ‘जे लोक’ आहेत आणि ३० मध्ये ‘आम्ही’. पौल त्या चालीपासून स्वतःला वेगळा ठेवतो. तो ती शिकवत नाही, इथे फटकारतही नाही, फक्त तिच्यातली विसंगती दाखवतो.

मला स्वतःला पटणारा अर्थ असा की विश्वासात मरण पावलेल्या माणसांमुळे, त्यांना पुन्हा भेटण्याच्या आशेने, मागे राहिलेले कुणी बाप्तिस्म्याकडे वळत असावेत. ‘ह्युपेर’ या शब्दात ‘च्या वतीने’ आणि ‘च्यासाठी, च्यामुळे’ या दोन्ही छटा आहेत. पण ‘च्या वतीने’ हा सरळ अर्थ घेणारेही चांगले अभ्यासक आहेत, आणि त्यांना मी चूक ठरवू शकत नाही. अर्थ कोणताही घेतला तरी या एका उल्लेखावर विधी उभारता येत नाही. प्रेषितांनी तो कुठे केला नाही, कुणाला करायला सांगितला नाही. चौथ्या शतकाच्या अखेरीस ख्रिसोस्टम या प्रसिद्ध उपदेशकांनी मार्सियन या पाखंडी ठरलेल्या शिक्षकाच्या पंथातली एक चाल वर्णिली आहे. बाप्तिस्म्याआधी मेलेल्याच्या खाटेखाली जिवंत माणूस लपवायचा, मृताला बाप्तिस्मा हवा का असे विचारायचे, आणि खालच्याने होय म्हणायचे. मुख्य मंडळीने हे कधी स्वीकारले नाही.

ताई, खाटेखालून उत्तर द्यावे लागते ते वरचा बोलू शकत नाही म्हणून. तुमचे वडील स्वतःच्या तोंडाने बोलून गेले आहेत. तुम्ही त्यांच्या वतीने पाण्यात उतरलात तर त्यांचे ते उत्तर अपुरे होते असे तुम्हीच म्हणाल.

तुमच्या स्वतःच्या बाप्तिस्म्याचा प्रश्न दोन्ही बाजूंनी प्रामाणिकपणे पाहावा लागतो. बाळाचा बाप्तिस्मा केल्याची स्पष्ट नोंद नव्या करारात एकही नाही. विश्वासणाऱ्यांच्या घरात वाढलेल्या मुलाचा मोठेपणी बाप्तिस्मा झाल्याचीही एक नोंद नाही, हे मात्र सहसा कुणी सांगत नाही. लुदियाचे घराणे, तुरुंगाच्या अधिकाऱ्याचे घराणे, स्तेफनाचे घराणे यांचे उल्लेख आहेत, पण त्यांत तान्ही मुले होती की नाही ते लिहिलेले नाही. तुरुंगाच्या अधिकाऱ्याच्या घरी वचन सगळ्यांना सांगितले गेले आणि सगळे हर्षित झाले, यावरून एक बाजू म्हणते की सगळे समजत्या वयाचे होते. दुसरी बाजू कलस्सैकरांस २:११-१२ दाखवते, जिथे सुंता आणि बाप्तिस्मा शेजारी येतात, आणि सुंता तर आठव्या दिवशी होत असे. पण त्याच वचनात ‘विश्वासाच्या द्वारे’ हेही शब्द आहेत.

इतिहासानेही निकाल एका बाजूला लागत नाही. इ. स. २०० च्या सुमारास टर्टुलियन हे आफ्रिकेतले ख्रिस्ती लेखक लहान मुलांच्या बाप्तिस्म्याची घाई नको असा सल्ला देतात. सल्ला द्यावा लागला, अर्थात लोक तो करत होते. पुढे ५० एक वर्षांनी सिप्रियन आणि त्यांच्यासोबतचे ६६ बिशप आठव्या दिवसापर्यंतही थांबू नका म्हणतात. आणि या मतभेदापायी माणसे मेली आहेत. झ्युरिकमध्ये ५ जानेवारी १५२७ रोजी फेलिक्स मान्झ यांना नदीत बुडवून मारले, का, तर ते मोठ्यांचा पुन्हा बाप्तिस्मा करत. बुडवणारे आणि बुडणारा, दोघांच्या हाती तेच पवित्र शास्त्र होते. हे आठवले की या विषयावर आवाज चढवायला माझी जीभ रेटत नाही.

मी स्वतः विश्वास कबूल करणाऱ्यांनाच बाप्तिस्मा देत आलो, कारण नव्या करारात मला जे उघड दिसते ते तेवढेच आहे. तरीही तान्हेपणी पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने झालेला बाप्तिस्मा खोटा आहे असे मी कुणाला सांगितलेले नाही. प्रेषितांची कृत्ये १९ दाखवून पुन्हा घ्यायला सांगतात, पण इफिसमधल्या त्या सुमारे १२ शिष्यांचा आधीचा बाप्तिस्मा योहानाचा होता, येशूच्या नावाचा नव्हता. पवित्र आत्मा आहे हेही त्यांनी ऐकले नव्हते. तुमची गोष्ट तशी नाही. ३१४ मध्ये आर्लच्या धर्मसभेने दुसऱ्या गटातून येणाऱ्यांबद्दल ठरवले की त्रैक्याच्या नावाने बाप्तिस्मा झाला असेल तर पुन्हा करू नये, हात ठेवून प्रार्थना करावी. मला यात शहाणपण दिसते.

दुसरीकडे, वाचून, प्रार्थना करून, स्वतःच्या तोंडाने कबुली देऊन पाण्यात उतरावे असे तुमच्याच मनाला खरोखर वाटले, तर तुम्ही आईचा किंवा जुन्या मंडळीचा अपमान करता असेही मी म्हणणार नाही. मात्र भीतीपोटी नको, सासरच्या मंडळीत नाव लागावे म्हणून नको, आणि वडिलांची राहिलेली गोष्ट फेडायला तर मुळीच नको. पाळकांना स्पष्ट सांगा की मला वर्षभर द्या. हे वर्ष शोकाचे आहे. थोडे अंतर इथे हिताचेच ठरेल.

पाणी शिंपडले की बुडवले, यावर फार वेळ घालवू नका. ‘बाप्तिझो’ म्हणजे मुळात बुडवणे. ग्रीक जुन्या करारात नामान यार्देनेत सात वेळा बुडी मारतो तिथे हेच क्रियापद आहे. पण लूक ११:३८ मध्ये येशूने जेवणाआधी धुतले नाही म्हणून परूशी आश्चर्य करतो, तिथेही तेच आहे, आणि जेवणाआधी कुणी अख्खा बुडत नसे. ‘डिडाखे’ या मंडळीच्या अगदी आरंभीच्या पुस्तिकेत वाहत्या पाण्यात करा, नसेल तर दुसऱ्या पाण्यात, तेही पुरेसे नसेल तर डोक्यावर तीनदा ओता, असे साधेपणाने सांगितले आहे. नावाच्या वादाचेही तसेच. मत्तय २८:१९ मध्ये पिता, पुत्र, पवित्र आत्मा आहेत आणि प्रेषितांच्या कृत्यांत येशूचे नाव आहे. त्याच ‘डिडाखे’त सातव्या अध्यायात पहिले शब्द येतात आणि नवव्यात बाप्तिस्मा झालेल्यांना ‘प्रभूच्या नावाने’ बाप्तिस्मा झालेले म्हटले आहे. लिहिणाऱ्याला त्यात विरोध दिसला नाही.

राहिला दगडाचा प्रश्न. वडिलांच्या कबरेवर ‘ख्रिस्तामध्ये महानिद्रा’ असे कोरायचे तुमच्या आईच्या मनात आहे, आणि बाप्तिस्मा न झालेल्याच्या दगडावर हे चालत नाही असे कुणी म्हणाले. ‘ख्रिस्तामध्ये झोपी गेलेले’ ही कल्पना १ करिंथकरांस १५:१८ मधली आहे, तुम्हाला घाबरवणाऱ्या २९व्या वचनाच्या अकरा वचने वर. पौल तिथे ख्रिस्तावर आशा ठेवून मेलेल्यांबद्दल बोलतो आणि त्यांच्याबद्दल दुसरी कोणतीही अट घालत नाही. आईला सांगा, कोरून घ्या.